नाकाडीला एसी बसवला तेव्हा

ट्रकच्या केबिनीत एसी बसवणारा आमच्या बाजूचा पहिला माणूस माझा बाप, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक पैसेवाले असणार. पैसेवाले कसले! आम्ही तो एसी भीतीपोटी बसवला. बाप गाडीतच मरेल, ही भीती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी भलतं समजायला नको. माझी बायको मालती असती तर म्हणाली असती, "आधी गाडीचं सांगा, मग बापाचं." तिला कुठलीही गोष्ट रांगेत लागायची, डब्यांसारखी. ती गेली त्याला अजून वर्ष भरलं नाही. आता रांग मलाच लावायची आहे, वाकडी लागली तर चालवून घ्या. माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा भातकापणी सोडून.

तर गाडी. मिलिटरीच्या लिलावातली, पुढं लांब नाक असलेली, म्हणून गावात तिला सगळे नाकाडी म्हणायचे. नाकाच्या दोन बाजूंना दोन गोल दिवे, मध्ये जाळी, मागं हौदा असा की त्यात लग्नाची पंगत बसेल. चपट्या तोंडाच्या नव्या गाड्या आल्या तरी बाबाने नाकाडी सोडली नाही. लोकांना वाटायचं, इंजिन नाकात आहे म्हणजे ड्रायव्हरला गरम होत नसेल. त्यांनी एकदा बसून बघायचं होतं. नाकातली सगळी ऊब पेडलच्या भोकांतून पायावर यायची, गिअरच्या दांड्याभोवतीच्या फाटक्या चामड्यातून मांडीवर यायची, आणि वरून टपाचा पत्रा तापलेला. रबरी चप्पल मऊ पडून पायाखालच्या फळीला चिकटायची. आई सकाळी गोणपाट भिजवून द्यायची, ते बाबाच्या पायाखाली अंथरायचं. हायवेला लागेपर्यंत ते वाळून पापड. मग आई बाबाच्या खिशात कांदा घालायची. उन्हाची बाधा कांदा ओढून घेतो म्हणतात. संध्याकाळी तो कांदा शिजल्यासारखा मऊ होऊन परत यायचा आणि आई तो हातात धरून बराच वेळ बघत बसायची.

आमचं घर कामोठ्याच्या जुन्या गावात. आज तिथं चारी बाजूंनी बिल्डिंगा आहेत, खाली क्लास, वर क्लास, आणि डोक्यावरून विमान गेलं की माझ्या कपातला चहा थरथरतो. तेव्हा दारातून खाडीपर्यंत शेतं दिसायची. सकाळी मी उठायचो तो तांदळाच्या भाकरीच्या वासाने. चुलीवर जवळा कांद्यात परतलेला असायचा, कैरी असली तर कैरी घातलेली. बाबा उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचा आणि मुकाट्याने जेवायचा. बोलायची ती आई. विहिरीचं पाणी खाली गेलं, अमक्याच्या सुनेला मुलगी झाली, तमक्याने कुंपण पुढं सरकवलं. बाबाचं लक्ष भाकरीत. "भिंतीला एवढं सांगितलं असतं तर तिनं तरी हूं केलं असतं," असं म्हणून ती भांडी जरा जोरात ठेवायची. बाबा कमी बोलणारा माणूस, एवढंच आम्ही समजून होतो. संध्याकाळी मात्र आईचा सगळा जीव कानात यायचा. नाकाडी हायवे सोडून गावाच्या रस्त्याला वळताना गिअर बदलायची, तो आवाज तिला लांबून कळायचा. तो आला की ती चुलीवर तवा ठेवायची. उशीर झाला की तवा तसाच, आणि ती दारात.

मी बाबाचा क्लीनर होतो. मिसरूड फुटलेलं, लायसनही झालेलं, पण नाकाडीच्या स्टेअरिंगला बाबा मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, तुला गाडी अजून कळत नाय. माझं काम चाकाला दगड लावायचा, हौद्याचा मागचा फाळका सोडायचा आणि गाडी मागं घेताना थाप द्यायची. हल्लीच्या गाड्या मागं येताना आपल्या आपण पिपाणी वाजवतात. तेव्हा क्लीनरचा तळवा हेच सगळं. मागं उभं राहून हौद्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की येऊ दे, एकच जोरात मारली की जागच्या जागी थांब. तोंडाने ओरडायचंही, पण खरं काम थापेचं. इंजिनच्या आवाजात ओरडणं कोणाला ऐकू जातंय? बाबा उजवा कोपर खिडकीतून बाहेर काढून तळवा दाराच्या पत्र्यावर टेकवून बसायचा आणि माझी थाप पडली की गाडी खिळ्यासारखी उभी. वीटभट्टीवर, वखारीत, कुठंही. सगळे ड्रायव्हर असेच बसतात, त्यात वेगळं काही मला कधी दिसलं नाही.

आता भीतीचं. एसी बसवला त्याच्या आदल्या वैशाखात शिरढोणजवळ भर दुपारी, गाडीत विटा भरलेल्या, बाबाची मान पुढं गेली. मला वाटलं, खाली काहीतरी बघतोय. मग गाडी डावीकडं जायला लागली. मी आडवा पडून स्टेअरिंग धरलं, रस्त्याचा काठ सोडून नाकाडी सुकलेल्या शेतात उतरली, दोन बांध फोडले आणि तिसऱ्याला नाक लावून उभी राहिली. बाबाचं अंग पेटलेल्या निखाऱ्यासारखं, आणि घाम मात्र एक थेंब नाही. शेतावरच्या माणसांनी हंडे ओतले तेव्हा त्याने डोळे उघडले. पनवेलच्या डॉक्टरने आईला बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या अंगाने आता उन्हाशी लढणं सोडलंय, पुन्हा असं झालं तर उठवायला वेळ मिळणार नाही, दुपारची गाडी बंद करा. पण भट्टीचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि त्यातलं निम्मं चैत्र-वैशाखात असतं, कारण पावसाच्या आधी घर उभं करायची सगळ्यांना घाई. ऊन टाळायचं म्हणजे धंदाच टाळायचा. बाबा म्हणाला, "घरी बसून काय करू? सुकट विकू?" त्या वर्षीची थंडी संपायला लागली तशी आईची झोप उडाली. आंब्याला मोहोर आलेला बघून लोक खूश व्हायचे, ती तोंड फिरवायची.

एसीचं खूळ यासीनभाईंच्या डोक्यातलं. पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांचं घर. कुवेतला बरीच वर्षं मोठ्या गाड्यांचे एसी बसवायचं काम करून ते अम्मीच्या आजारपणासाठी परत आले होते आणि स्टँडच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये फ्रिज दुरुस्त करत होते. मी त्यांच्याकडं बर्फाची पेटी मिळेल का विचारायला गेलो होतो. बाबाच्या सीटखाली बर्फ ठेवायचा, असा माझा बेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बर्फानं मासे टिकतात, बेटा, ड्रायव्हर नाय टिकत. तिकडं एसी नसंल तर ड्रायव्हर चावीला हात लावत नाय."

"मग आमच्या गाडीला बसव ना, चाचा."

"तिकडच्या गाड्या एसीसाठी बनवलेल्या. तुझी ही बुढी कशासाठी बनवली ते अल्लालाच मालूम." पण ते उठले आणि नाकाडीचं नाक उघडून बराच वेळ आत डोकं घालून उभे राहिले. बाहेर आले ते हसत होते. जागा खूप हाय, म्हणाले.

गावात हसू झालंच. नाक्यावरच्या चहावाल्याने विचारलं की आता क्लीनरला टाय लावणार का. कोणी म्हणालं, विटांना पण थंड वारा द्या, तडकायच्या नाहीत. बाबाने कोणाला उत्तर दिलं नाही. त्याला तसंही एसी नको होता. आईने त्याच्यासमोर जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मला पांढऱ्या कपाळानं बसवायचं असंल तर तसं सांगा." मग तो यासीनभाईंच्या शेडमध्ये गाडी लावून आला. पैशाचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही, जमवलं.

परदेशी मोटारीचा एक कॉम्प्रेसर यासीनभाईंनी भंगारातून आणला. लोखंडी अँगल कापून त्याला इंजिनच्या अंगाला बसवायची बैठक केली, पट्टा चढवला, डॅशबोर्डखाली गारव्याची कॉइल आणि पंखा, आणि गरम हवा बाहेर टाकायची जाळी रेडिएटरच्या पुढं. पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा पंख्यातून गार वारा आला आणि मी हात पुढं करून लहान पोरासारखा हसलो. बाबाने फक्त काच वर केली. हायवेला सपाटीवर सगळं ठीक होतं. पुढं चढ लागला आणि इंजिनचा काटा हलला. रेडिएटरला हवा मिळायची ती आता एसीच्या जाळीतून तापून मिळत होती. मी एक डोळा काट्यावर ठेवला आणि एक बाबाच्या चेहऱ्यावर. काटा वर चढत होता, बाबाच्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि घाम आहे म्हणून मला बरं वाटत होतं. घाम थांबला की काय, हेच मी बघत होतो. अर्ध्या चढावर नाकातून वाफ फुटली. गाडी बंद, एसी बंद, आजूबाजूला एक झाड नाही. बाबाला मी गाडीच्या सावलीत बसवलं, पण सावली होती हातभर आणि ती सरकत होती. सावली सरकली की मी त्याला सरकवायचो. शेवटचं पाणी रेडिएटरला घालायचं की बाबाच्या डोक्यावर, यावर आम्ही दोघं भांडलो. तो म्हणत होता, गाडीला घाल. मी त्याच्या डोक्यावर ओतलं. मग एक टँकरवाला थांबला.

यासीनभाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. जाळी काढून त्यांनी केबिनीच्या टपावर नेली, तिला स्वतःचे दोन पंखे लावले आणि वायर थेट बॅटरीवरून घेतली. इंजिन तापायचं थांबलं. पण आता दुसरंच रडगाणं. गार वारा यायचा तो गुडघ्यापर्यंत पोचायचा आणि मरायचा. उन्हात केबिन होती तशीच. यासीनभाईंनी गॅस बघितला, पट्टा बघितला, पंखा बघितला, सगळं बरोबर. चैत्र उजाडला होता. आई रोज विचारायची, झालं का, आणि मी रोज म्हणायचो, होतंय.

इथं मालती आली. तिचे वडील पांडुतात्या हायवेच्या कडेला गाड्यांच्या गाद्या शिवायचे आणि ती त्यांच्या हाताखाली. सीटची गादी बसली होती म्हणून बाबाने नाकाडी तिथं नेली. ती वाकडी सुई तोंडात धरून केबिनीत चढली, चालू इंजिनावर तिने फळीवर तळवा ठेवला, पेडलभोवती ठेवला, मागच्या पत्र्यावर ठेवला, मग सुई तोंडातून काढून मला म्हणाली, "बुड नसलेल्या हंड्यात पाणी भरताय तुमी." तिचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. पुढं संसारभर तिने मला असंच सांगितलं, आधी तपासून, मग एका वाक्यात. मी चिडायचो. आता घरात कोणी काही सांगत नाही. दूध उतू गेलं तरी कोणी सांगत नाही.

पांडुतात्या आणि ती आठवडाभर केबिनीत होते. फळीवर जाड लोकरी नमदा, त्यावर रबर. पेडलच्या भोकांना चामड्याचे गळपट्टे. गिअरच्या दांड्याला नवा पायजमा, हा शब्द तिचाच. टपाला आतून काथ्या आणि रेग्झिन. मागच्या पत्र्याला तेच. दोन्ही दारांना आतून बोटभर जाडीची हिरवी गादी, तिच्यावर पितळी टिकल्यांची नक्षी, आणि काचेच्या फटीला रबराची पट्टी. टिकल्या कशाला, विचारलं तर म्हणाली, लग्नाला नेली गाडी तर शोभेल. यासीनभाई येऊन बसले, दार ओढलं, एसी लावला, थोड्या वेळाने त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आता झाला हा एसी," ते म्हणाले. "मी फक्त मशीन लावलं होतं."

आईला बसवून मी कळंबोलीपर्यंत चक्कर मारून आणली, म्हणजे बाबाने मारली आणि मी मध्ये. बाहेर रस्त्यावर मृगजळ नाचत होतं आणि आत बाबाने शर्टाचं वरचं बटण लावलं. आईने पदर अंगाभोवती घेतला. ती दाराच्या टिकल्यांवरून बोट फिरवत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "आता जावा उन्हात, माझं काय म्हणणं नाय." त्या रात्री ती झोपली. मी मात्र जागा. सगळं इतकं नीट झालं की मी उठून एकदा गाडीभोवती फिरून आलो. कारण सांगता आलं नसतं. अजूनही घरात सगळं सुरळीत असलं की मी उठून गॅसचं बटण बघून येतो.

त्यानंतर नेऱ्याच्या बाजूला भट्टीवर खेपा सुरू झाल्या. तिथं डोंगराखालच्या वाडीतली कातकरी माणसं कामाला असायची, बायका डोक्यावर विटा वाहायच्या. झाड एकच, तेही मुकादमाच्या खाटेवर. म्हणून गाडी उभी राहिली की बायका तिच्या सावलीत येऊन बसायच्या, कोणी पोराला पाजायची, कोणी डोळे मिटायची. गाडी हलवायच्या आधी त्यांना उठवणं हे माझं काम, आणि त्याही मला नावाने ओळखायच्या. त्या दुपारी भट्टीच्या दुसऱ्या बाजूचा माल भरायचा होता, गाडी बरीच मागं घ्यायची होती. मी हाका मारल्या, बायका उठल्या, टोपल्या उचलल्या. बाबाने गाडी सुरू केली. मी मागं गेलो, दोन थापा दिल्या, गाडी मागं यायला लागली. धूळ एवढी की आरशात काही दिसायचं नाही. मी चार पावलं मागं सरलो आणि बघितलं, भट्टीच्या कच्च्या विटांच्या थप्पीला टेकून त्या बायकांतली सगळ्यात म्हातारी, सोमीआजी, झोपली होती. ती गाडीच्या सावलीत नव्हती, गाडीची सावली आता तिच्यावर आली होती.

मी थाप मारली. जोरात, एक. गाडी येत राहिली. पुन्हा मारली, दोन्ही तळव्यांनी मारली, पत्रा घणघणला. बायका ओरडल्या. गाडी तशीच, हळू, एका चालीने येत राहिली, जशी ती रोज यायची, बाबाचा हात स्थिर असल्यासारखी. मी पळालो. ड्रायव्हरच्या बाजूने फुटबोर्डवर उडी मारली आणि काचेवर मुठी आपटल्या. आत बाबा होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, चेहरा शांत. मला बघून त्याच्या भुवया वर गेल्या, पोरगा इथं काय करतोय, अशा. मग त्याने ब्रेक दाबला.

सोमीआजी जागी झाली होती, बसली होती, पण तिला उठता येत नव्हतं. मागचं चाक तिच्या पदरावर उभं होतं. चाकात आणि तिच्या खांद्यात माझा हात मावला असता, तेवढंच. बायका टोपल्या टाकून धावल्या. तिनेच वर बघितलं आणि बाबाला म्हणाली, "पुढं घे ना रं. का नवं लुगडं आणतूस?" बायका हसल्या, रडतारडता हसतात तशा. मुकादम शिव्या देत आला. बाबाने गाडी पुढं घेतली, खाली उतरला, आजीच्या पदरावरचा चाकाचा छाप बघितला. मुकादम बोलत होता आणि बाबा त्याच्या ओठांकडं बघत होता. त्या दिवशी आम्ही माल न भरता निघालो.

रस्त्यात एका चिंचेखाली त्याने गाडी उभी केली. इंजिन चालू, एसी चालू, बाहेर पाचोळा उडत होता. मी समोर बघत विचारलं, थाप ऐकली नाय का. त्याने उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं, रागाने. तेव्हा त्याने माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड स्वतःकडं वळवलं.

"इकडं बघून बोल," तो म्हणाला. "म्हणजे कळंल मना."

तो बोलत गेला. आयुष्यात एवढं सलग तो माझ्याशी तेव्हाच बोलला. कान कधीपासून गेले ते त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. आधी पाखरं गेली, मग रेडिओ, मग घरातली माणसं. इंजिन ऐकू यायचं ते पायातून. माझी थाप त्याने कानाने ऐकून जमाना झाला होता. हौद्याची पुढची फळी केबिनीला टेकलेली, मी मागं मारलं की दाराच्या पत्र्यात झिणझिण यायची आणि ती त्याच्या तळव्याला कळायची. त्यासाठी तो हात बाहेर. आता काच बंद, पत्र्यावर गादी, पायाखाली नमदा. "गारवा हाय," तो म्हणाला, "पण मी कशात बसलोय तेच कळत नाय." सगळ्यांनी त्याचा जीव वाचवायला एवढं केलं, आई झोपायला लागली, मग सांगणार कोणाला? हळूहळू सवय होईल असं वाटलं. एवढं बोलून त्याने दिवा विझवावा तसा तोंडावरून पंचा फिरवला आणि गाडी काढली.

घरी मीच सांगितलं. त्याला सांगता आलं नसतं आणि मला पोटात ठेवता आलं नसतं. पांडुतात्यांना कुठून तरी कळलं, दुसऱ्या दिवशी ते मालतीला घेऊन आले. तिच्या हातात मोठी कात्री होती आणि डोळे सुजलेले. ती बाबाच्या समोर उभी राहिली, मी सांगितलं होतं तसं तोंड त्याच्याकडं करून, आणि म्हणाली, "काका, ड्रायव्हरच्या दाराची गादी कापून देते. पत्रा उघडा करते. थोडं गरम होईल, बाकी गारवा राहील."

बाबाने तिच्या हातातली कात्री घेतली. मला वाटलं, स्वतःच कापतोय. त्याने ती पाटावर ठेवली.

"नको पोरी. दार चांगलं झालंय. माणूस बदलू."

मग त्याने कमरेची चावी सोडली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. गाडी कळते का, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही. मला कळत होती असंही नाही.

आई इतका वेळ चुलीपाशी पाठ करून होती. ती उठली, पदराला हात पुसत आली आणि बाबासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, रडेल किंवा भांडेल. ती त्याच्या तोंडाकडं बघून सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं तुमी माझं ऐकूनशान गप नव्हता बसत?"

बाबाने नाही म्हणून मान हलवली.

"मेली मी," ती म्हणाली. "आन मी तुमच्यावर रागावून बसली." मग तिने विहिरीचं, सुनेचं, कुंपणाचं, कधीपासूनचं राहिलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मालती, तात्या आणि मी बाहेर आलो. बराच वेळ आतून आईचा आवाज येत होता, आणि मध्येच बाबाचा, अगदी थोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेप होती. क्लीनर म्हणून शेजारचा गडी घेतला. बाबा डाव्या सीटवर बसला, घरी थांबायला तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाच तो शेजारी हवा होता. मी स्टेअरिंगवर. सोमीआजीचा पदर डोळ्यांपुढून हलत नव्हता. काच वर केली, एसी लावला. आई अंगणात उभी होती आणि तिचे ओठ हलताना दिसले. बाबा निघताना ती रोज असंच काहीतरी बोलायची, आणि आम्ही रोज तसेच निघून जायचो. मी गाडी गिअरमधून काढली, काच पूर्ण खाली घेतली आणि डोकं बाहेर काढून विचारलं, काय म्हणतेस?

ती जवळ आली. तापलेल्या दाराला हात न लावता, टाचा उंच करून आत बघितलं.

"बापाला थंडी वाजली तर बंद कर ते," ती म्हणाली. "तो सांगायचा नाय."